हूक ओढून धरला

आमच्या स्वराजला साधं बटण चालत नाही. सुटे भाग आणून कॉम्प्युटर स्वतः जोडतो, आणि तो चालू करायला काहीतरी येड्यासारखं लावतो. त्याच्या मित्रांचंही हेच खूळ. कुणी स्कूटरची किल्ली लावतो, कुणी देवघरातली घंटी. ह्यानं काय लावलं? बापाचा हूक. आमच्या ह्यांनी, धनाजीनं, वाशीच्या मार्केटात जन्मभर ज्यानं पोती ओढली तो लोखंडी हूक. कंबर गेली, काम सुटलं, तसा पोरानं तो कॅबिनेटच्या बाजूला स्प्रिंग लावून बसवला. हलका ओढून सोडला की मशीन चालू. ओढून धरून ठेवला की चालू मशीन बंद. मी म्हटलं, "एवढं शिकून शेवटी हमालीच केलीस की रे." ह्यांना मात्र कोण कौतुक. आल्यागेल्याला दाखवायचे.

उत्कर्षा माझी थोरली. उन्हाळ्यात रक्ताच्या कॅन्सरनं गेली. शेवटी शेवटी हे तिच्या खोलीत जायचेच नाहीत. दारात उभं राहून डोळे पुसायचे आणि गॅलरीत निघून जायचे. मला संताप यायचा, अजून येतो. पोरीला नाही आला. म्हणाली, "मम्मी, पप्पांना समोर बसून ऐकवत नाही गं. मी लॅपटॉपवर बोलून ठेवलंय त्यांच्यासाठी. मी नसले की लावून दे." ती गेली, आणि पाहुण्यांच्या गर्दीत लॅपटॉप कुणाच्या तरी पायात येऊन खाली पडला. आतली डिस्क बिघडली.

दुरुस्तीवाल्यानं स्वराजला बजावलं, ही आता एकदाच फिरेल. फिरतेय तोवर सगळं उतरवून घे, मध्येच बंद पडली तर परत उठायची नाही. पोरानं ती आपल्या मशीनला जोडली. कॉपी व्हायला वेळ फार लागत होता, आणि त्यात खंडेनवमी आली. ऐरोलीला ऑफिसला निघताना तो म्हणाला, "संध्याकाळपर्यंत होईल. मशीनला कुणी हात लावू नका." ह्यांनी मान हलवली. सकाळीच अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. लेक बोलणार होती ना.

मी झेंडू आणायला कामोठ्याच्या बाजारात गेले. परत आले तर घर नुसतं गप्प. मशीनचा पंखा फिरत नव्हता. पाटावर कोयता, पक्कड, हातोडी मांडलेली, आणि मधोमध तो हूक. तेलपाणी केलेला, हळदकुंकू लावलेला.

"तुम्ही मशीनला हात लावला?"

"न्हाय की. माझा हूक तेवढा काढला. खंडेनवमीला हत्यार पुजाया नको? निघंनाच. लई वेळ ओढून धरला, तवा सुटला."

मी झेंडूची पिशवी घेऊन तिथंच बसले. एरवी केवढ्यानं ओरडले असते, पण त्या शर्टाकडं बघितलं आणि पदरानं नुसतं तोंड पुसलं. ह्यांना वाटलं, उन्हातून आलेय. पाणी आणून दिलं.

मी फोन केला तसा स्वराज धावत आला. दार लावून खटपट करत बसला. डिस्क दोन-चारदा टकटकली आणि थांबली ती थांबलीच. उतरलं होतं त्यात सगळ्या तिच्या कॉलेजच्या फाइली. बोललेलं काहीच नाही. तो स्वयंपाकघरात आला आणि ओट्याला टेकून रडायला लागला. "हुकाची वायर तरी काढून ठेवायची होती मी."

"ते नंतर," मी म्हटलं. "स्वतःच्या हातून गेलं हे ह्यांना कळलं तर हे जगायचे नाहीत. काहीही सांग, पण हे सांगू नको."

तो बाहेर गेला. हे खुर्ची ओढून मशीनसमोर बसले होते.

"पप्पा, सगळं बघितलं. तुमच्यासाठी त्यात काही नव्हतंच. राहून गेलं असेल ताईचं."

 ह्यांनी शर्टाची वरची गुंडी सोडली.

"बरोबर हाय," म्हणाले. "मी कवा तिच्यापाशी बसलो? माझ्याशी कशाला बोलंल ती?"

स्वराजनं माझ्याकडं बघितलं. माझ्या अगदी ओठावर आलं होतं, बोलली होती हो, तुमच्याशीच बोलली होती. पण तेवढं सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. एरवी मी ह्यांचं एक ऐकून घेत नाही. त्या दिवशी घेतलं.