धाकटीच्या फाईलचं वाटोळं

धाकटी जाऊ घरात आली तेव्हा थोरलीला तिचं काहीच वावडं नव्हतं. उलट गप्पा मारायला हक्काचं माणूस मिळालं म्हणून ती खूशच होती. पण या बयेने वर्षाच्या आत तिच्याच कॉम्प्युटरवर बसून तिच्याच कामात हात घातला, आणि थोरलीचं डोकं फिरलं ते फिरलंच.

थोरली नाचाच्या एका ग्रुपला संगीत करून देई. माडीवरच्या अडगळीच्या खोलीत, भिंतींना जुन्या गाद्या टेकवून, पंख्याचा आवाज नको म्हणून तो बंद ठेवून, घामाघूम होत. ग्रुप चालवणाऱ्या मॅडमना इतकी वर्षं दुसऱ्या कुणाचं संगीत चालत नसे. आणि आता नव्या कार्यक्रमाच्या वेळी त्या म्हणतात काय, "तुम्ही दोघी एकेक ठेका करून आणा. जिच्या ठेक्यावर पाय उचलेल, तिच्याकडे सगळं काम." दोघी! हे काम गेलं तर तिला त्या घरात स्वतःचं असं उरलं काय असतं?

धाकटीचं सगळं त्या कातरीवर चाले. कातरी म्हणजे कॉम्प्युटरमधलं एक वाद्य. नाव सासूबाईंनी ठेवलेलं. त्यात चार लूप भरायचे, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारे छोटे आवाज. कातरी त्यांचे बारीक तुकडे करते. मग या लूपचा एक तुकडा, त्या लूपचा दुसरा, असे निवडायचे, एकातून दुसऱ्यात विरघळवायचे, की नवाच ठेका उभा राहतो. ही कातरी आणली थोरलीने, धाकटीला शिकवलीही तिनेच. घ्या, भोगा आता!

धाकटीने मुख्य लूप घेतला सासूबाईंच्या शिलाई मशीनचा. ज्या मशीनला थोरलीला कधी बोट लावू दिलं नाही, ते सासूबाई धाकटीसाठी कापड न घालता चालवत बसल्या. "अजून हळू चालवू का गं?" म्हणे! आणि थोरलीचा स्वतःचा नवरा जेवताना म्हणतो, "धाकटीचा कान तयार आहे हं."

"मग माझा काय कुजलाय?" थोरलीने वरणाचं पातेलं असं आदळलं की सासूबाईंनी पाणी मागायचं टाळलं.

मॅडमना ऐकवायच्या आदल्या दिवशी, दुपारी, धाकटी दाताच्या डॉक्टरकडे गेली. थोरली वर गेली आणि तिने धाकटीची फाईल उघडली. फक्त ऐकायची होती, असं तिने स्वतःला बजावलं. ठेका चांगला होता. मेला, खरंच चांगला होता. थोरलीच्या डोळ्यांत पाणीच आलं, आणि पाण्यामागून संताप.

तिने मशीनचा एक तुकडा काढून त्या जागी जिन्यावरच्या पावलांचा आवाज ठोकला. ठेका लंगडला. बरं झालं! पण ते लंगडणं तिलाच ऐकवेना. पुढचा तुकडा कानाला टोचत होता, तो जरासा मागे ओढला. मग त्याच्यापुढचा उघडा पडला, तो पावलांत हळूच विरघळवावा लागला. मग शेवटी एक श्वासभर जागा रिकामी ठेवली, कारण तिथे काही असणं बरोबरच नव्हतं. पहिल्यापासून लावून बघितलं आणि तिने कपाळावर हात मारला. बिघडवायला बसलेली बाई सुधारून उठली होती!

तेवढ्यात खाली दार वाजलं. धाकटीचा आवाज आला. फाईल सेव्ह न करता बंद करायची, की केलेलं सगळं पुसलं. पण इतक्या वर्षांचा हात तो, आपोआप सेव्हवर गेला.

दुसऱ्या दिवशी सरावाच्या हॉलमध्ये मॅडमनी आधी थोरलीचा ठेका ऐकला आणि मान डोलावली. मग धाकटीचा लावला. भिंतीला टेकून बसलेल्या मुली एकेक करून उभ्या राहिल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

"हाच," मॅडम म्हणाल्या.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिचंच काम, धाकटीच्या नावावर! आणि बोलायची सोय नाही, कारण बोलायचं तर चोरून फाईल उघडली हे कबूल करावं लागणार.

"मॅडम, हे माझं नाही," धाकटी म्हणाली. "माझं इतकं छान नव्हतं. काल संध्याकाळी ऐकलं आणि लगेच ओळखलं. तुकडे असे विरघळवायला जाऊबाईंशिवाय कुणालाच जमत नाही. त्यांचंच काम पणाला लागलेलं, तरी माझं गुपचूप दुरुस्त करून दिलं त्यांनी. आणि मला कळूसुद्धा दिलं नाही हो." तिने डोळे पुसले.

मुलींनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी थोरलीचे दोन्ही हात धरले. "मग काम तुमचंच. असं मन कुठे बघायला मिळतं?"

थोरली धाकटीच्या तोंडाकडे बघत राहिली. एखादा टोमणा, एखादं तिरकं हसू, काहीतरी असेलच की! काही म्हणजे काही नव्हतं. पोरगी नाक पुसत तिच्याकडे बघून हसत होती.

"मी ते बिघडवायला बसले होते" हे वाक्य थोरलीच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

घरी निघताना धाकटीने कौतुकाने तिचा हात धरला. काम मिळालं होतं, नाव मिळालं होतं, आणि थोरली पूर्वीपेक्षा जास्त जळत होती. मेलीने तिला धड वाईटसुद्धा होऊ दिलं नव्हतं.