निम्मं घर

माझ्या रक्तातलं क्रिएटिनिन एकाचं दोन झालं, त्या दिवशी आमचं घर निम्मं झालं. लॅबमधून परतलो तेव्हा बायको, प्रमिला, डबे पलंगाखाली सरकवत होती. स्वयंपाकघराच्या जागी भिंत होती, तीही रंगवलेली.

"पंखा राहिला हे बरं," ती म्हणाली.

डॉक्टर शिरगुप्प्यांनी रिपोर्ट समजावला. "क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला केर. रोज तयार होतो, मूत्रपिंडं रोज बाहेर टाकतात. आकडा दुप्पट झाला, म्हणजे त्यांचं काम निम्म्यावर आलं."

"आणि घर?"

"तेही त्याच हिशेबानं. गेलेला भाग परत येत नाही, उरलेला जपा. आणि शहाळं बंद. त्यातलं पोटॅशियम तुम्हाला सोसणार नाही."

दुसऱ्याच दिवशी मिरजेहून माझी थोरली बहीण, अक्का, आली. दोन्ही हातांत शहाळी. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. डॉक्टरांनी नको म्हटलंय, असं मी सांगून पाहिलं.

"कालचा पोरगा त्यो, त्याला काय कळतंय? पी. एवढ्या लांबनं वझं आणलंय."

अक्कापुढं माझं कधी चाललेलं नाही. मी प्यालो. गोड होतं. प्रमिला नव्या भिंतीकडं बघत राहिली.

शहाळ्यानं झालं की आपोआप, देव जाणे, पण पुढच्या वेळी दोनाचे चार झाले. लोकांकडं दोनाचे चार हात होतात तेव्हा दारात मांडव पडतो, आमच्याकडं दारच गेलं. उरली अर्धी खोली आणि खिडकी. आम्ही पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसायचो आणि पाणीसुद्धा मोजून प्यायचो. मला खूप भीती वाटायची. तिला तसं सांगितलं, तर म्हणाली, मलाही.

चाराचे आठ होणार हे दोघांनाही कळत होतं. आठाच्या घरात एकच माणूस मावतं.

"तू खिडकीतून बाहेर जा."

"आणि तुम्ही एकटे काय करणार?"

"उभा राहीन."

ती जाईना. शेवटी मी तिला ढकललंच म्हणा ना. ती पलीकडं पडल्याचा आवाज आला, आणि मग ती उठल्याचा.

आठ झाले. पलंगही गेला. आता लॅबचा माणूस घरी येतो, म्हणजे खिडकीशी. आज मी हात बाहेर काढला, आत कोपर वाकत नाही. अंगणात अक्का कोयत्यानं शहाळं तासत होती. तिच्यामागं भावकी उभी होती, कुणाचेच हात रिकामे नव्हते.

लॅबच्या माणसानं दंडाला रबर बांधलं. "मूठ घट्ट करा."

मुठीत प्रमिलाची बोटं होती. मी ती घट्ट केली. सुई शिरली, आणि आकडा यायच्या आधीच मागची भिंत पाठीला टेकली.