दारात उषाकाकू होत्या

"ये क्या है? पाउच बाहर रखिए."

परीक्षेच्या हॉलच्या दारात निरीक्षक बाईंनी माझ्या हातातली ग्लुकोजची पुडी घेतली आणि बाहेरच्या टेबलावर टाकली. मी सांगणारच होते, पण त्यांच्या मागे उषाकाकू उभ्या! आमच्याच कॉलेजात शिकवतात, आणि ग्वाल्हेरच्या मराठी घरांतली निम्मी लग्नं त्यांनीच जुळवलेली. मी गुपचूप आत जाऊन बसले.

मला लहानपणापासून शुगर आहे, रोज इन्सुलिन घ्यावं लागतं. आमचं घर आणि कंपू भागातले आमचे डॉक्टर सोडले तर हे कुणालाच ठाऊक नाही. इन्सुलिनसुद्धा आई लांबून आणते. जवळच्या पाटणकर बाजारात कुणी ओळखीचं भेटलं म्हणजे! कॉलेजात मी बाथरूमची कडी लावून सुई टोचून घ्यायची. प्रवेशाच्या वेळी बाबा म्हणाले होते, "निवेदिताचं कॉलेजला कळवून ठेवू या." आई उसळलीच. "कळवा की! म्हणजे गणपतीपर्यंत अख्ख्या समाजात बोभाटा. पोरीला उजवायची आहे की नाही?"

बीएस्सीचा तो शेवटचा पेपर. धास्तीने सकाळी पोहे घशाखाली उतरले नाहीत, इन्सुलिन मात्र घेऊन बसलेली. अर्ध्या पेपरातच हात थरथरायला लागला, दरदरून घाम फुटला, प्रश्नच वाचता येईनात. येत होतं हो सगळं! शेवटी बाकावर डोकं टेकलं ते घंटा होईपर्यंत.

त्याच पेपरात मी नापास झाले. बी.एड.ला नंबर लागला होता, तोही गेला. माझ्या मैत्रिणी आता वर्गात बसून नोट्स काढतात, आणि मी घरी बसून चिडचिड करते.

परवा उषाकाकू घरी आल्या, आईला म्हणाल्या, "विजयाबाई, एवढी हुशार पोर, असं कसं झालं हो?"

"काय सांगू उषाताई! मोबाईल. दिवसभर नुसता मोबाईल. आळशी झालीये. संसाराला लागली की येईल वळणावर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आळशी चालेल, आजारी नको! रागावले की माझं मराठी सुटतंच. "काकू, मोबाईल-वोबाईल काही नाही. मुझे शुगर है, बचपन से. उस दिन पेपर में लो हो गई थी. ग्लुकोज तर तुमच्यासमोरच बाहेर ठेवायला लावलं."

काकूंनी चहाचा कप खाली ठेवला.

"अगं वेडे, मी दारातच होते ना! एक शब्द बोलायचास. पुडीच काय, बिस्किटंसुद्धा जवळ ठेवू देतो आम्ही अशा मुलांना." मग आईकडे वळून हळूच म्हणाल्या, "विजयाबाई, निदान मला तरी सांगायचं."

आई कप उचलायला लागली. काकूंचा चहा अजून अर्धा होता.