दोन हॉर्सची मोटर, एक हॉर्सची पेटी

विहिरीतली मोटर बंद पडली तेव्हा रोपवाला दात घासत होता. घरघर एकाएकी थांबली, आणि तोंडातला फेस तसाच घेऊन तो परसात धावला. बायको नेहमी म्हणायची, ह्यांना मी तीन हाका मारल्या तर ऐकू येत नाही, पण मोटर नुसती खोकली तरी झोपेतून उठून बसतात.

घरामागे त्यांची नर्सरी होती. हिरव्या जाळीखाली ट्रेच्या रांगा आणि त्यात बोटभर उंचीची टोमॅटोची, कोबीची, ढोबळी मिरचीची रोपं. ऊन असं तापलं होतं की दुपारचं पाणी चुकलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी माना टाकल्या असत्या. रोपवाल्याने पेटीचं झाकण उघडलं, वास घेतला, झाकण लावलं, पुन्हा उघडलं. विहिरीजवळच्या खोलीत भिंतीवर ही लोखंडी पेटी होती. मोटरला सुरू व्हायला जो धक्का लागतो तो तिच्यातला कपॅसिटर द्यायचा. पेटीला काही झालेलं नव्हतं. मोटरनेच मान टाकली होती.

गावात मोटरी दुरुस्त करणाऱ्या एक बाई होत्या. हात चालायचा त्याच्या दुप्पट तोंड चालायचं, पण काम चोख. त्याने फोन लावला.

"जळाली असणार," बाई म्हणाल्या. "किती वर्षं राबवलीत तिला. मी मुलीला होस्टेलवर सोडायला आलेय, परवा येते. तोवर बादल्या वाहा, तब्येत सुधारेल. आणि नवी मोटर मला विचारल्याशिवाय आणू नका. तुमची पेटी जुनी आहे, तिचं कुठल्याही मोटरशी जुळायचं नाही."

त्याने बादल्या वाहिल्याही असत्या. पण तेवढ्यात बायकोने आपल्या थोरल्या बहिणीला फोन करून सगळं सांगितलं होतं, आणि ताईला सांगितलं म्हणजे ताईच्या यजमानांना सांगितलं.

हे थोरले साडू रोपवाल्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठे. आयुष्यभर कापडाच्या गिरणीत सुपरवायझर होते, आणि कुठलीही गोष्ट बघितली की ती कशी चालवायची हे त्यांना लगेच सुचायचं. रोपवाल्याचं लग्न त्यांच्यामुळे झालं होतं. सासरे म्हणाले होते, माती चिवडणाऱ्याला मी मुलगी देणार नाही. तेव्हा हेच थोरले सासऱ्यांसमोर ठाण मांडून बसले आणि होकार घेऊनच उठले. तेव्हापासून त्यांच्यापुढे 'नाही' हा शब्द रोपवाल्याच्या घशातच अडकायचा.

दुपारच्या आत ते गाडी घेऊन हजर. ताई पुढे बसलेली, आणि मागच्या सीटवर रजईत गुंडाळलेलं काहीतरी, त्याला सीटबेल्टही लावलेला.

"दादा, हे काय?"

"मोटर. कोरी करकरीत. दोन हॉर्सची." थोरल्यांनी रजई हळूच बाजूला केली. स्टीलचं अंग उन्हात चमकलं. "एकदाही पाण्यात उतरलेली नाही."

रोपवाल्याने पेटीवरची पट्टी वाचली. "दादा, पेटीवर एक हॉर्स लिहिलंय."

"आकडा मोटरचा बघायचा असतो रे. पेटी म्हणजे काय, मोठं बटण." थोरल्यांनी मोटरची वायर वर धरली. "हे बघ, तारा तीन. तुझ्या पेटीत टर्मिनल तीन. रंगसुद्धा जुळतात. आणखी काय पत्रिका बघायची आहे?"

बाई परवा येणार आहेत, त्यांना विचारू, असं रोपवाला म्हणणार होता. पण थोरल्यांनी बाह्या सरसावल्याही होत्या. दोघांनी दोर ओढून जुनी मोटर वर काढली, नवी पाइपला जोडली, हळूहळू खाली सोडली. थोरले विहिरीच्या काठावर पालथे पडून बघत राहिले. त्यांच्या शर्टाची पार वाट लागली, पण त्यांचं लक्षच नव्हतं.

बटण दाबलं. पेटीतून एक लांबलचक हुंकार आला, जड कपाट एकट्याने सरकवताना माणूस कण्हतो तसा. मग एक खटका, आणि पाण्याची धार अशी जोरात आली की नळीचं तोंड साप उसळावा तसं उसळलं. ताईने टाळ्या वाजवल्या. बायको म्हणाली, "अगं बाई, आपल्याकडे एवढं पाणी होतं?"

थोरले पुढे झाले. हाताच्या ओंजळीत पाणी घेऊन त्यांनी ते तोंडाला लावलं आणि चूळ न भरता गिळलं.

सगळे चहाला आत गेले. रोपवाल्याचा मात्र पाय घरात टिकेना. अर्धा कप चहा झाला की तो उठायचा आणि आलोच म्हणून परसात जायचा. पेटीवर हात ठेवायचा, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. पेटी कोमट होती. वरची टाकी भरली, तिच्यात तरंगणाऱ्या फ्लोटने मोटर बंद केली. तो परत येऊन बसला. टाकी उतरली, मोटर पुन्हा सुरू झाली आणि तो हुंकार पुन्हा आला. या वेळी तो जास्त लांबला असं त्याला वाटलं. त्याने बशीत चहा ओतला आणि प्यायचा विसरला.

जाळीमागे जाऊन त्याने हळू आवाजात मोटरवाल्या बाईंना फोन लावला आणि काय झालं ते सांगितलं.

मग बाई म्हणाल्या, "बंद करा."

"पण चालतेय हो चांगली."

"एकदा फिरायला लागली की चालणारच. मार बसतो तो सुरू होताना. तुमच्या पेटीतला कपॅसिटर एका हॉर्सचा आहे, त्याच्याने ती उचलवत नाही, म्हणून ती कण्हते. प्रत्येक वेळी सुरू होताना थोडी थोडी जळतेय. एक तर पेटी जाईल, नाही तर मोटर. बंद करा आणि मला येऊ द्या."

बंद करायला तो निघालाच होता. पण स्वयंपाकघराच्या दारातून ताईचा आवाज आला आणि तो जागीच थांबला. ताई बहिणीला सांगत होती.

"आमच्या बेडरूममध्ये होती गं ती मोटर. कपाटाशेजारी. रिटायर झाल्यावर जमीन घेतली ना, पेरूची बाग करणार होते. मोटर आधी आणली, विहीर नंतर खणली. पाणी लागलं ते खारट. तोंडात धरवेना. मी म्हटलं, विकून टाका. जमीन विकली, पण मोटर काही विकेनात. रोज सकाळी तिच्यावरची धूळ पुसायचे. आज तुझा फोन आला तर चप्पल न घालता गाडीत बसले."

रोपवाला दारातून मागे फिरला. आता ह्या माणसाला कसं सांगायचं? तो पेटीसमोर उभा राहिला. मार बसतो तो सुरू होताना, बाई म्हणाल्या होत्या. म्हणजे ती थांबलीच नाही तर पुन्हा सुरू व्हायचा प्रश्नच नाही. परवापर्यंत काय, निदान थोरले घरी जाईपर्यंत तरी तिला थांबू द्यायचं नाही.

त्याने सगळे नळ सोडले. जाळीखालचे फवारे सुरू केले, नळी आंब्याच्या बुंध्यात सोडली, धुण्याच्या दगडावरचा नळ सोडला, न्हाणीघरातलाही सोडला. टाकी भरायचं नाव घेईना आणि मोटर एकसारखी घुमत राहिली. थोडा वेळ त्याला बरं वाटलं. मग आंब्याचं आळं भरून पाणी वाटेवर आलं. त्याने नळी कुंपणाशी नेली. तिथे चिखल झाला. तिथून ती त्याने गाडीवर धरली आणि थोरल्यांची गाडी धुऊन काढली, स्वतःची स्कूटर धुतली, शेजाऱ्यांचं फाटक धुतलं. विहिरीत डोकावून पाणी किती उतरलं तेही बघून आला. तेवढ्यात फवाऱ्याखालच्या ट्रेमधून पाणी ओसंडायला लागलं आणि कोबीची रोपं आडवी झाली. तो तिकडे धावला.

बायको पदर खोचून बाहेर आली. "अहो, काय चाललंय? रोपांना पोहायला शिकवताय का?"

"प्रेशर बघतोय."

"सकाळी थेंबासाठी जीव चालला होता. आणि आता?" तिने त्याच्याकडे नीट बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात तो कधी खोटं बोलतो हे तिला त्याच्या हातांवरून कळायचं. ते कुठेच स्थिर नव्हते. "काय झालंय?"

"काही नाही. तू जा आत."

ती गेली नाही. पण तिला पुढचं विचारायला वेळ मिळाला नाही, कारण ताई मागच्या दाराने आली होती. ताईचा स्वभाव असा की परक्याच्या घरातलाही गळता नळ तिला बघवायचा नाही. ती पुटपुटत न्हाणीघरातला नळ बंद करून आली होती, धुण्याच्या दगडावरचाही केला होता, आणि आता फवाऱ्यांची चावी फिरवत होती. रोपवाल्याने "ताई, राहू द्या" म्हणेपर्यंत चावी फिरली होती. टाकी भरली आणि मोटर थांबली.

तो खोलीकडे पळाला, पण थोरले आधीच तिथे होते. नळी अंगणात पडून अजून वाहतच होती, तिने टाकी उतरली आणि फ्लोट पडला. पेटी हुंकारली. हुंकार संपेना. आतून जळक्या रबरासारखा वास आला, आणि पेटीच्या बाजूचं लाल बटण टक्‌कन बाहेर पडलं. जास्त करंट ओढला की ते स्वतःहून बाहेर यायचं आणि वीज तोडायचं.

"नवी आहे, जरा हट्ट करणारच," थोरले म्हणाले आणि त्यांनी बटण आत दाबलं. पेटी कण्हली, बटण बाहेर आलं. त्यांनी पुन्हा दाबलं आणि ते सुटू नये म्हणून अंगठ्याने दाबून धरलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "चल," ते मोटरला म्हणाले, अगदी हळू. "चल ना."

रोपवाल्याने त्यांचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने मेन स्विच खाली ओढला.

सगळं गप्प झालं. थोरल्यांनी आधी आपल्या मनगटाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. त्यांच्या अंगाला त्याने असा हात आजवर लावला नव्हता.

"दादा, हे जुळत नाही," तो म्हणाला. "मला दुपारपासून ठाऊक आहे. बाईंनी सांगितलं होतं. मी तुम्हाला बोललो नाही."

"म्हणून एवढं पाणी सोडून बसलास?"

"हो."

थोरले बाहेर गेले आणि विहिरीच्या कठड्यावर बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "दोर आण. वर काढू. माझी मोटर मी घेऊन जातो."

"कशाला काढायची?" रोपवाल्याचा आवाज आपोआप चढला. "मोटरला काय झालंय? पेटी माझी आहे. पेटी लहान आहे. तुमची मोटर कुठे चुकलीय?"

"उगाच माझं मन राखू नकोस."

तेव्हा बायको पुढे झाली. तिने नवऱ्याच्या खिशातला फोन काढला, मोटरवाल्या बाईंना लावला आणि स्पीकर सुरू करून फोन थोरल्यांच्या मांडीवर ठेवला. मन राखणं हा प्रकार बाईंना माहीतच नव्हता. त्यांनी थोरल्यांना मोटरवरचा नंबर विचारला. तो त्यांना पाठ होता, न बघता त्यांनी सांगितला.

"मोटर उत्तम आहे," बाई म्हणाल्या. "त्या घराच्या लायकीपेक्षा उत्तम आहे. तिला तिच्या मापाची पेटी पाहिजे, मी येताना घेऊन येते. लाल बटण दाबून कुणी धरलं होतं?"

"मी," थोरले म्हणाले.

"पुन्हा धरू नका. ते बटण माझ्यापेक्षा शहाणं आहे आणि मी पुष्कळ शहाणी आहे."

थोरल्यांना हसू आलं नाही, पण त्यांनी दोर पुन्हा मागितला नाही. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "जळाली असेल का हो?"

"मीटर लावल्याशिवाय सांगता येणार नाही."

बाई येईपर्यंत सगळ्यांचाच जीव टांगणीला लागला होता. थोरले घरी गेले नाहीत. विहिरीतून बादलीने पाणी काढायचं आणि झारीने रोपांना घालायचं, असं दोघे साडू सकाळ-संध्याकाळ करत राहिले. थोरल्यांचा हात जड, ते फार पाणी घालायचे. रोपवाला मागून येऊन त्यांची झारी कलती करायचा. बोलणं कमीच होत होतं. कोबीचे ट्रे मात्र गेले. त्या दिवशीच्या पुराने मुळं कुजली आणि रोपं देठापाशी मऊ पडून आडवी झाली. रोपवाल्याने ते एकट्याने उचलून नेले. कुणाच्या चुकीने गेले हे कुणी विचारलं नाही, आणि तो मनातल्या मनात दोघांत वाटून घेत राहिला.

बाई आल्या त्या नवी पेटी काखेत मारूनच. तारांना मीटर लावून त्या बराच वेळ गप्प राहिल्या. त्या गप्प राहिलेल्या आजवर कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे रोपवाल्याला धड उभंही राहवेना. तो खोलीभर फेऱ्या मारायला लागला, तेव्हा बाईंनी त्याला बाहेर घालवलं. दाराबाहेर थोरले होते. दोघे भिंतीला टेकून उभे राहिले.

"दादा," रोपवाला म्हणाला, "मला ताईंकडून कळलं. बागेचं."

थोरल्यांनी मान हलवली. "पहिली बादली वर आली तेव्हा मी सगळ्यांना म्हटलं होतं, गोड आहे. तोंडात खारट लागत असताना म्हटलं." ते जमिनीकडे बघत होते. "तू निदान दुपारभरच गप्प बसलास. मी सहा महिने बसलो."

आतून खटका ऐकू आला. हुंकार नाही, कण्हणं नाही, नुसता खटका, आणि लगेच पाइपमध्ये पाणी चढल्याचा आवाज. "वाचली," बाई आतून म्हणाल्या. "नशीब तुमचं."

थोरले त्याच दिवशी घरी जाणार होते. पण जेवण झाल्यावर ते जाळीखाली गेले आणि ट्रेच्या रांगांमधून हिंडत राहिले. ताई गाडीत बसून हॉर्न वाजवायला लागली. रोपवाला बोलवायला गेला तर ते रिकाम्या पडलेल्या रांगेसमोर उभे होते, जिथे कोबी होता.

"इथे पुन्हा बी कधी टाकणार?" त्यांनी विचारलं.

"उद्या. माती भरायची आहे अजून."

थोरल्यांनी वळून गाडीकडे पाहिलं, मग शर्टाच्या बाह्या वर केल्या. "तिला म्हणावं इंजिन बंद कर," ते म्हणाले. "आणि मला माती कुठे आहे ते दाखव."