ओट्यावरची वाट

आमच्या पागा गल्लीत कोणाच्या दारात काय चाललंय हे सांगत बसावं लागत नाही. ओट्यावर काहीतरी बिनसलंय हे मला गिरणीत बसल्या जागी कळलं, ते उत्तमसिंग आले नाहीत म्हणून. सकाळी माझ्या गिरणीचा पट्टा फिरायला लागला की ते वॉकर टेकत टेकत येणार, पोत्यांशेजारच्या बाकावर बसणार आणि म्हणणार, "भागूबाई, तुमारी गिरणी मेरे ट्रक से ज्यादा चिल्लाती." त्या दिवशी बाक रिकामा राहिला. मी कुणाचा तरी गहू अर्धवट सोडून उठले, ओट्यावरून तरातरा निघाले आणि विश्वंभरच्या घरापाशी नव्या रेलिंगच्या चकचकीत स्टीलच्या नळ्यांना थडकले. ओट्याच्या पार दुसऱ्या कडेलाही तशाच नळ्या होत्या आणि त्यांच्या पलीकडे उत्तमसिंग वॉकर धरून उभे होते.

"रस्ता बंद है," ते म्हणाले आणि हसले. मला काही हसू आलं नाही. माझं डोकंच फिरलं.

ज्यांनी हिंगोलीत फक्त बायपासकडच्या नव्या कॉलन्या पाहिल्यात, त्यांना हे ओट्याचं प्रकरण कळायचं नाही, म्हणून सांगते. पागा म्हणजे घोडे बांधायची जागा. पलटणीचे घोडे गेले, स्वार गेले, पण त्यांचा लांबलचक दगडी चौथरा राहिला आणि त्यावर लोकांनी घरं बांधली. कोण कुठून आलं याला काही धरबंद नाही. एका टोकाला उत्तमसिंग, त्यांना लागून वेल्डिंगवाले मदारभाई, मग एक मारवाडी, एक कासार, मधोमध हळदीची आडत असलेला विश्वंभर आणि चौकाच्या टोकाला आमचं घर, भिंतीवर बाबासाहेब आणि खाली गिरणी. देव वेगळे, जेवण वेगळं, भांडायची भाषासुद्धा वेगळी, पण सगळ्यांच्या दारापुढचा ओटा एकच, सलग, एका उंचीचा. त्यावर आडवं काही घालायचं नाही हे कोणी कुठे ठरवलं नव्हतं आणि कोणी मोडलंही नव्हतं.

ओटा कमरेएवढा उंच आहे. उतरायच्या पायऱ्या अरुंद आणि उभ्या, खाली उघडी नाली. धड उतार एकाच ठिकाणी, माझ्या गिरणीपाशी, पोती चढवायला केलेला. उत्तमसिंगांनी जन्मभर ट्रक दुरुस्त केले आणि म्हातारपणी साखरेनं त्यांच्या पायाची बोटं नेली. डॉक्टरनं बजावलंय की रोज चाला, नाहीतर पाय जाईल. म्हणून ते ओट्यावरून चालत माझ्यापर्यंत येत, उतारावरून चौकात जात, चार लोकांशी बोलत आणि त्याच वाटेनं परत. त्यांचा मुलगा करतार नांदेडला असतो. तो दर फोनला म्हणायचा, पप्पा, इकडे या. आणि हे दर वेळी म्हणायचे, "अपने पैर से घूमता हूं ना, काहे को आऊं?" आता त्या उत्तराला जागा राहिली नव्हती.

मी तशीच विश्वंभरच्या दारात उभी राहिले.

"हे काय लावलंस रे?"

"काकू, स्वप्निलचा साखरपुडा हाये. सोयरे कॉलनीतले हायेत. त्यांनी घर पाहिलं अन् म्हणले, दारासमोरून कोणीबी येऊन-जाऊन राहिलं, बरं दिसत न्हाई."

"अन् उत्तमभाऊ कुठून जातील?"

"त्यांच्या दारात मी उतार बांधून देतो ना. माझ्या खर्चानं."

"नालीवर? हळदीचे ट्रॅक्टर वळतात तिथं?"

त्यानं मान खाली घातली, पण रेलिंग काही काढलं नाही. तो वाईट माणूस नाही. माझा नवरा गेला तेव्हा आमच्या घरी पहिला चहा त्यानंच आणून दिला होता. पण सोयऱ्यांनी नाक मुरडलं की आपल्याच घराची लाज वाटायला लागते माणसाला, आणि त्याला ती चांगलीच वाटायला लागली होती.

दुपारी त्याच्या घरून बुंदीसाठी डाळ दळायला आली. मी डबा तसाच परत पाठवला. संध्याकाळी उत्तमसिंगांचा फोन.

"भागूबाई, आटा नक्को रोको. झगडा करो, गालियां देव, मगर आटा नक्को रोको. लेकरा का काम है."

खरं होतं ते. मी डबा परत मागवला, डाळ दळली आणि जरा जास्तच बारीक दळली. पण गप्प बसणार नव्हते.

दुसऱ्या सकाळपासून मी रेलिंग ओलांडायला लागले. आडतीवर गिऱ्हाइकांची वर्दळ असायची त्याच वेळेला, चहाचा थर्मास काखेत, पदर खोचलेला, एक पाय अलीकडे, एक पलीकडे. ही एक बाजू झाली की ओटा चालून दुसरी बाजू, मग उत्तमसिंगांना चहा, आणि तसंच परत. गुडघे कुरकुरायचे. पोरं टाळ्या वाजवायची. कासारीण म्हणाली, "भागूबाई, सर्कशीत नाव घाला." मी म्हटलं, घातलंच आहे, तिकीट विश्वंभरकडे मिळेल.

"काकू, पडाल ना!" विश्वंभर एकदा गादीवरून उठून धावत आला.

"पडले तर तुझ्याच दारात पडीन. उचलायला तूच येशील. म्हणून तर इथून जाते."

तो परत गादीवर जाऊन बसला. मला वाटलं होतं की लाजेनं तरी काढील. नाही काढलं. इकडे उत्तमसिंग खाटेवरच बसून राहायला लागले. मी चला म्हटलं की म्हणायचे, कहां? कासाराच्या दारापर्यंत जायचं नि परतायचं, याला चालणं म्हणत नाहीत. त्यांच्या घोट्यावर सूज दिसायला लागली. करतारनं फोनवर ठरवून टाकलं की साखरपुड्याच्या दिवशी येतो, कार्यक्रम झाला की पप्पांना गाडीत घालून नेतो. त्यांनी हो म्हटलं. चाळीस वर्षांचा शेजार, आणि हो म्हटलं. मी त्या रात्री जेवले नाही.

शेवटचा उपाय म्हणून मी नानीबाईकडे गेले. ती विश्वंभरची आई. डोळे गेलेत तिचे. तरीसुद्धा रोज दुपारी भिंतीला हात लावत लावत ओट्यावरून ती माझ्या गिरणीत यायची आणि पिठात बोट बुडवून, कोणाची ज्वारी चांगली आणि कोणाची किडकी ते सांगायची. आता तीही घरातच होती.

"नानी, तुम्ही एक शब्द बोला. तुमचं ऐकल तो."

तिनं अंदाजानं माझा हात शोधून धरला. मग म्हणाली, "भागू, नातवाचं शुभकार्य हाये. सोयऱ्यापुढं तमाशा नको. साखरपुडा पार पडू दे."

"तोवर उत्तमभाऊ जातील."

"माझं आता घरात काय चालतं माय?"

मला तिचा राग आला आणि खूप वाईटही वाटलं, कारण ही बोलणारी बाई ती नव्हती, जिला मी ओळखत होते.

ते कळायला आधी आमच्या ताटाबद्दल सांगायला हवं. गल्लीत कोणाकडे कार्य असलं की एक पितळी परात निघते, तिलाच आम्ही ताट म्हणतो. कार्यघर सोडून बाकी गल्लीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसानं ती उचलायची, ओट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायची, प्रत्येक घरानं आपापलं काही त्यात ठेवायचं आणि मग परत फिरून कार्यघरी द्यायची. परात रस्त्यावर उतरवायची नाही. कडा प्रसाद, शेवया, लाडू, सगळं एका परातीत. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा ती परात आमच्या ओट्याच्या आधीच वळायची. बौद्धाच्या घरची खीर ताटात कशी घ्यायची, अशी कुजबुज होती. मी दारात वाटी घेऊन उभी आणि परात पाठ फिरवून परत, असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी कार्य नानीबाईच्या घरचं होतं. ती उंबऱ्यात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, भागूची वाटी पडल्याबिगर ताट माझ्या घरात येणार न्हाई. परात परत आली, खीर घेऊन गेली. त्यानंतर ती कधी आमच्या आधी वळली नाही. हा ओटा मला कोणी आयता दिलेला नव्हता, म्हणूनच तो असा तुकडे झालेला मला बघवत नव्हता.

साखरपुड्याच्या सकाळी करतारची गाडी माझ्या गिरणीपाशी उभी राहिली. बापाची बॅग त्यानं आल्या आल्याच डिकीत टाकली. गल्लीत मांडव होता, कॉलनीतले सोयरे खुर्च्यांवर बसले होते, नवरी मुलगी पुनम हिरव्या शालूत होती. विश्वंभर कडक इस्त्रीच्या कुर्त्यात इकडून तिकडे धावत होता. ताट निघणार होतंच, कारण पुनमच्या वडिलांनी त्याबद्दल ऐकलं होतं आणि त्यांना ते मोबाइलवर टिपायचं होतं.

परात उचलायचा मान उत्तमसिंगांचा. दोन्ही हात वॉकरवर, मग परात कशी धरणार? मदारभाईनं रातोरात वॉकरला पुढे एक लोखंडी फळी जोडून दिली होती. उत्तमसिंग पगडी बांधून निघाले. टक, टक. कडा प्रसाद, मदारभाईच्या घरच्या शेवया, मारवाड्याचं चुरमं, कासारणीच्या करंज्या. लोक टाळ्या वाजवत होते. मी माझ्या दारात खिरीची वाटी घेऊन उभी होते. वॉकर विश्वंभरच्या ओट्यापाशी आला आणि रेलिंगला लागून थांबला.

उत्तमसिंगांनी वॉकर तिथंच टेकवला. नुसते उभे राहिले. टाळ्या एकेक करून थांबल्या.

विश्वंभर घामाघूम झाला. मला हाक मारून म्हणाला, "काकू, तुमची वाटी खालून रस्त्यानं आणा ना. इथंच ताटात ठेवू. मग परात रेलिंगवरून हातोहात घेऊ."

इतकी वर्षं गेली, आणि ताट पुन्हा माझ्या ओट्याआधीच थांबलं. मी वाटी घट्ट धरली. "मी न्हाई येणार," मी म्हटलं. "ताट येईल माझ्याकडं. न्हाई आलं तर वाटी इथंच राहील." माझे पाय दारातून हलले नाहीत.

तेव्हा नानीबाई घरातून बाहेर आली. भिंतीवरून हात फिरवत ओट्याच्या कडेला गेली आणि तिचा हात त्या गार नळीवर पडला. तिनं ती वरून खालपर्यंत चाचपली. मग दुसरी. मग तिसरी.

"विश्वंभर, गजातून कैद्याला देतात," ती म्हणाली. "माझ्या नातवाचं ताट गजावरून येणार न्हाई. भागूची वाटी पडल्याबिगर तर अजिबात न्हाई. तवाबी सांगितलं व्हतं, आताबी सांगून राहिले."

पुनमचे वडील मोबाइल खाली करून उभे होते. बोलली ती पुनम. "हे काढता येत नाही का?" तिनं सरळ स्वप्निलला विचारलं. स्वप्निलनं बापाकडे पाहिलं.

"सिमेंटमधी गाडलंय," विश्वंभर पुटपुटला.

"नै गाड्या," मदारभाई पुढे आले आणि कुर्त्याच्या खिशातून त्यांनी पाना काढला. "बोल्ट पे बिठाया मैं. सेठ बोले सिमेंट में डालो, मैं हौ बोल्या. पन अपनी गल्ली मेरेको मालूम नै क्या? आज नै तो कल निकालना पडताच."

मांडवात कोणीतरी फिस्सकन हसलं. मदारभाई बोल्टला पाना लावायला वाकले, तेवढ्यात विश्वंभरनं त्यांच्या हातातून पाना घेतला. कडक इस्त्रीच्या कुर्त्यासकट तो ओट्यावर गुडघे टेकून बसला आणि एकेक बोल्ट स्वतः काढला. अलीकडची बाजू निघाली, मग पलीकडची. कुर्त्याला काळे डाग पडले. त्यानं ते पुसले नाहीत.

टक, टक. उत्तमसिंग माझ्या दारापर्यंत आले. मी वाटी परातीत ठेवली. मग त्यांच्या पायाकडे बघून म्हटलं, "सूज किती आलीय बघा पायाला."

"चलूंगा तो उतरेगी," ते म्हणाले. परात नानीबाईच्या हातात देऊन आले, आणि परत माझ्या बाकावर बसले.

जेवणं झाल्यावर करतार गाडीची किल्ली बोटावर फिरवत आला. "पप्पा, निकलें?"

"मैं तो कब का निकला," उत्तमसिंग म्हणाले. "घर से यहां तक आया. तेरे सामने."

करतार त्यांच्याकडे पाहत राहिला, मग लांबच लांब मोकळ्या ओट्याकडे. त्यानं डिकी उघडली, बॅग काढली आणि खांद्यावर टाकली. मांडवातल्या खुर्च्या उचलल्या होत्या, खालच्या रस्त्यानं सरळ जाता आलं असतं. पण तो माझ्या गिरणीच्या उतारावरून वर चढला आणि सगळ्यांच्या दारापुढून, ओट्यावरूनच, बॅग घरी घेऊन गेला.