देठातली मेखला

काटा म्हणजे नेमकं काय, यावर सहा संस्थांमध्ये चार महिने पत्रव्यवहार चालला. लिंबाचा काटा ही मुळात फांदी, निवडुंगाचा काटा हे मुळात पान, आणि गुलाबाचा काटा म्हणजे नुसता सालीवर आलेला उंचवटा. बोचायला तिन्ही सारखेच. पण एका संस्थेच्या कपाटातल्या नोंदी दुसरीच्या नोंदींशी जुळवायच्या, तर तिघांना एकाच नावाने हाक मारून भागत नाही. म्हणून या सहा वनस्पतिसंस्थांनी मिळून सामाईक शब्दसंग्रह करायला घेतला होता. झाडाच्या प्रत्येक भागाला एक नाव, एक व्याख्या आणि एक क्रमांक. शिवाय तो भाग कशाचा प्रकार आहे आणि कशाचा हिस्सा आहे, याची नोंद.

हे काम जिच्याकडे होतं तिला संस्थेत सगळे व्याख्याबाई म्हणत. नाव पाडलं होतं नवऱ्याने. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला, "भाजीत थोडं मीठ कमी आहे," आणि ही म्हणाली, "थोडं म्हणजे किती?" नवरा दातांचा डॉक्टर. पेशंटचं तोंड उघडं असताना त्याला गप्पा मारायची सवय, त्यामुळे हा किस्सा गावभर झाला आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

बाईंचे सासरे हेच बाईंचे गुरू. त्या त्यांच्या हाताखाली शिकल्या आणि मग त्यांच्या मुलाशी लग्न केलं. तीस वर्षं एका घरात काढूनही 'बाबा' म्हणणं काही जमलं नाही. संस्थेत सर, घरीही सर. सर आता ब्याऐंशी वर्षांचे होते. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, गुडघे कुरकुरणारे, पण सकाळी टेबलाशी बसून भिंगातून मासिकं वाचायचे आणि समासात शिसपेन्सिलीने भांडायचे.

सरांनी आयुष्यात खूप शिकवलं, पण शास्त्राला शब्द असा एकच दिला. मेखलास्तर. संस्थेच्या मागच्या भिंतीवर एक रुंद पानांची वेल चढलेली होती. तिच्या देठाचा आडवा छेद घेतला की मधोमध पाणी नि अन्न वाहणाऱ्या नळ्यांचा जुडगा दिसतो. त्या जुडग्याभोवती चपट्या, जाड भिंतींच्या पेशींचं एक कडं असतं, असं सरांनी एकतीस वर्षांपूर्वी लिहिलं होतं. कंबरेला पट्टा बांधावा तसं ते कडं जड पानाला तोलून धरतं, असा त्यांचा तर्क होता. आकृती पाठ्यपुस्तकांत गेली. परीक्षेत त्यावर दोन मार्कांचा प्रश्न येऊ लागला. ज्या स्लाइडवरून ती आकृती काढली होती ती व्याख्याबाईंनी बनवली होती. तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या.

संग्रहाचा एक नियम बाईंनीच घालून दिला होता. प्रत्येक संज्ञेला एकमेकांवर न विसंबणारे दोन पुरावे हवेत. या नियमाखाली त्यांनी आजवर सतरा शब्द बाद केले होते. मेखलास्तराची पाळी आली तेव्हा पलीकडच्या संस्थेतल्या सहकारी बाईंचा फोन आला. त्यांचा अभ्यास मुळांचा, म्हणून सगळे त्यांना मुळांच्या बाई म्हणत.

"तुमच्या मेखलेला पुरावे सात आहेत," त्या म्हणाल्या. "पण सातही जणांनी सरांचीच आकृती छापली आहे किंवा सरांचीच स्लाइड पाहिली आहे. आमच्याकडे ती वेल आहे. मी स्वतः चाळीस देठ कापले. मला काही ते कडं सापडलं नाही."

"चाळीसही कोवळे होते का?"

"कोवळे, जून, उन्हातले, सावलीतले. माझंच काही चुकत असेल. मूळ स्लाइड बघायला मिळेल?"

"बघते," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ खिडकीशी उभ्या राहिल्या.

स्लाइड तळघरातल्या कपाटात होती, तिसऱ्या खणात, आपल्या जागी. शेजारच्या फडताळात त्या वर्षीची नोंदवहीही होती. बाईंनी स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली. छेदाला दिलेल्या रंगाने लालभडक झालेलं कडं लगेच दिसलं. गेली वीस वर्षं त्या विद्यार्थ्यांना स्लाइड करायला शिकवत होत्या, दर वर्षी शंभरेक बिघडलेल्या स्लाइडी त्यांच्या हाताखालून जायच्या. भिंगातून पाहताक्षणी त्यांना कळलं की हे काय आहे. इतकी वर्षं ही स्लाइड बाहेर काढून पाहायची इच्छा आपल्याला कधीच का झाली नाही, तेही कळलं.

नोंदवहीत त्यांचंच अक्षर होतं. छेद घ्यायला देठ मेणात बसवतात, त्याआधी त्यातलं पाणी हळूहळू काढावं लागतं. त्यासाठी तो आधी तीस टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायचा, मग पन्नास, मग सत्तर, मग नव्वद. प्रत्येक पायरीला दोन तास. घाई केली तर नाजूक पेशी चुरगळतात. वहीत चारही पायऱ्या होत्या, प्रत्येकीपुढे वेळ लिहिलेली. दुपारचे दोन. चार. सहा. रात्रीचे आठ.

त्या दिवशी दुपारी अडीच वाजता सरांचा मुलगा संस्थेच्या फाटकाबाहेर सायकल धरून उभा होता. तीनच्या सिनेमाची तिकिटं त्याच्या खिशात होती. बाईंनी देठाचे तुकडे तीस टक्क्यांच्या बाटलीतून काढले, सरळ नव्वदच्या बाटलीत टाकले, आणि निघाल्या. वेळा त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी भरल्या. शांतपणे, सुवाच्य अक्षरात.

पुढच्या दोन आठवड्यांत बाईंनी मागच्या भिंतीवरच्या वेलीचे ताजे देठ कापले आणि त्यांचे दोन वाटे केले. एक वाटा सगळ्या पायऱ्यांनी नेला, दुसरा घाईचा. सावकाश नेलेल्या स्लाइडींत कडं नव्हतं. जुडग्याभोवती गोल, पातळ भिंतींच्या साध्यासुध्या पेशी होत्या. घाईच्या बाराही स्लाइडींत लाल मेखला उमटली होती.

घरी त्यांनी आधी नवऱ्याला सांगितलं. तो दवाखान्यातून येऊन चपला काढत होता. तसाच एक चप्पल पायात ठेवून बसला.

"म्हणजे यात मीही आरोपी."

"तू फाटकाबाहेर होतास. तुला काय माहीत आत काय चाललंय."

त्याने दुसरी चप्पलही काढली. मग म्हणाला, "त्यांना सांगायलाच हवं का? ब्याऐंशी वर्षांचा माणूस. एकच तर शब्द आहे त्यांचा. आणखी काही वर्षं राहू दे की यादीत."

"मी सतरा शब्द काढले. कोणीतरी दिलेलेच होते ना तेही. त्यांच्या घरी जाऊन मी वय विचारलं नाही."

"मग वहीचं तरी सांगू नकोस. घाई झाली, एवढं पुरे आहे."

बाईंनी हे ऐकून घेतलं. मोह त्यांनाही झाला होता. घाई झाली म्हटलं की माणूस नवशिका ठरतो, आणि चोवीस वर्षांची मुलगी नवशिकी असतेच. खोट्या वेळा मात्र नवशिकेपणात बसत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर टेबलाशी मटार सोलत बसले होते. डोळ्यांना त्रास नाही आणि बोटांना व्यायाम, म्हणून हे काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. बाई समोर बसल्या. त्यांनीही दोनचार शेंगा उचलल्या, आणि मग सगळं सांगून टाकलं. मुळांच्या बाईंच्या फोनपासून वहीतल्या वेळांपर्यंत.

सरांनी पहिला प्रश्न विचारला तो परीक्षकासारखा. "तीसवरून एकदम किती?"

"नव्वद."

"मध्ये काहीच नाही?"

"नाही."

"आणि वहीत चारही पायऱ्या आहेत. मला नीट आठवतंय, मी पाहिलं होतं." सरांनी हातातली शेंग खाली ठेवली. "कुठे गेली होतीस?"

"सिनेमाला."

"कोणाबरोबर?"

"तुमच्या मुलाबरोबर."

सर हसतील असं बाईंना क्षणभर वाटलं. ते हसले नाहीत. हात धुऊन खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. मटार तसेच राहिले.

तीन दिवस ते बाईंशी बोलले नाहीत. मुलाशी बोलले, तेही औषधांपुरतं. मासिक आलं ते वेष्टनातच पडून राहिलं. बाई रोज संस्थेत जायच्या, मेखलास्तराची नोंद पडद्यावर उघडायच्या आणि काही न लिहिता बंद करायच्या.

चौथ्या दिवशी सकाळी सर इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभे होते. "मला स्लाइडी दाखव. वरच्या चिठ्ठ्या काढून नुसते आकडे ठेव. कुठली कशी केली ते मला सांगायचं नाही."

प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर होती आणि सर सहा वर्षांत तिथे आले नव्हते. जिन्यात ते तीनदा थांबले. वर आल्यावर त्यांनी मायक्रोस्कोपचं स्टूल आपल्या उंचीला फिरवून घेतलं आणि चोवीस स्लाइडी एकेक करून पाहिल्या. दीड तास लागला. प्रत्येक स्लाइड ते डावीकडे किंवा उजवीकडे ठेवत गेले. बाईंनी नंतर यादीशी ताडून पाहिलं. एकही चुकली नव्हती.

मग त्यांनी ती जुनी स्लाइड मागितली. भिंगावरून डोळा न काढता ते म्हणाले, "कोलमडल्यात बिचाऱ्या. एकमेकींवर चिकटल्यात, म्हणून भिंत जाड दिसते. हे मी विद्यार्थ्याच्या स्लाइडीत पाहिलं असतं तर नापास केलं असतं."

"सर, वेळा मी खोट्या लिहिल्या."

"ते झालंच तुझं. त्याबद्दल मी तुला लगेच माफ वगैरे करणार नाही, राग आहे मला अजून." सर आता सरळ बसले. "पण मी एका स्लाइडीवरून शब्द बांधला. एका. त्या वेळी बरोबरीच्या सगळ्यांनी कशा ना कशाला नाव दिलं होतं आणि मी एक्कावन्न वर्षांचा झालो होतो. ती मेखला दिसली आणि मला वाटलं, आलं आपलंही काहीतरी. वेल खिडकीबाहेर होती. दुसरा देठ कापायला मला कोणी अडवलं नव्हतं. कापून त्यात नसती सापडली तर, म्हणून नाही कापला, असंच म्हणायला हवं आता."

बाईंनी स्लाइडी खोक्यात भरायला घेतल्या.

"नोंद पुसणार का?" सरांनी विचारलं.

"पुसत नाही आपण. शब्द चुकीचा ठरला तरी क्रमांक राहतो. जुनं पुस्तक वाचून कोणी शोधायला आला तर त्याला कळायला हवं की काय झालं. वर फक्त 'त्यागलेली संज्ञा' असं लिहितो आणि खाली कारण."

"कारण मी लिहीन."

त्यावरून त्यांची जुंपली. सरांनी लिहिलं: 'तयारीतील दोषामुळे झालेला आभास.' बाई म्हणाल्या, दोष म्हणजे कोणता? सर म्हणाले, व्याख्येत कोणाच्या सिनेमाची कथा येत नाही. शेवटी दुपारपर्यंत घासून जे झालं ते असं होतं: 'मेखलास्तर. त्यागलेली संज्ञा, वापरू नये. जिवंत देठात असा थर नसतो. अल्कोहोलच्या मधल्या पायऱ्या गाळल्यास जुडग्याभोवतीच्या पातळ भिंतींच्या पेशी कोलमडून रंग धरून ठेवतात व कड्याचा भास होतो. मूळ वर्णन एकाच स्लाइडीवर आधारलेले होते. तिच्या नोंदवहीतील वेळा खऱ्या नाहीत.' शेवटचं वाक्य बाईंचं, त्याआधीचं सरांचं. खाली दोघांची नावं.

सहाही संस्थांना नोंद गेली. मुळांच्या बाईंनी फोन करून आभार मानले आणि मग जरा अवघडून म्हणाल्या, "समितीचं म्हणणं आहे, त्या वर्षीच्या तुमच्या बाकीच्या स्लाइडीही तपासाव्या लागतील. आणि ते होईपर्यंत संग्रहातला तुमचा ऊतींचा विभाग मी बघावा."

"मीही तेच सुचवलं असतं," बाई म्हणाल्या. खरंच सुचवलं असतं. तरी फोन ठेवल्यावर त्यांनी त्या विभागाची यादी एकदा वरपासून खालपर्यंत वाचली. तो विभाग त्यांनी शून्यातून उभा केला होता.

त्या वर्षीच्या स्लाइडी त्रेसष्ट होत्या. त्यांवर आठ संज्ञांचे पुरावे टेकलेले. प्रत्येकीसाठी ताजं झाड शोधायचं, नव्याने कापायचं, सगळ्या पायऱ्या घ्यायच्या. बाईंनी सात महिन्यांत बासष्ट केल्या आणि त्या जुन्यांशी जुळल्या. एक झाड कुठेच मिळालं नाही. त्या संज्ञेपुढे मुळांच्या बाईंनी 'अनिर्णित' असं लिहिलं. विभाग परत देण्याचा विषय समितीच्या पुढच्या बैठकीत होता. निकाल काय लागेल ते सांगता येत नव्हतं, आणि बाईंनी कोणाला विचारलंही नाही.

या सात महिन्यांत सर दर मंगळवारी संस्थेत येऊ लागले. राग किती उरला होता, ते कोणी विचारलं नाही. ते येऊन खुर्चीत बसायचे, पिशवीतून भिंग काढायचे आणि म्हणायचे, "हं, आज कोण?" म्हणजे आज कुठला शब्द.

एका मंगळवारी देठाची पाळी होती. देठ कुठे संपतो आणि पान कुठे सुरू होतं, हे सहापैकी चार संस्थांनी चार तऱ्हांनी लिहिलं होतं. बाईंनी टेबलावर पंधरा तऱ्हांची पानं मांडली. काहींचं पातं, म्हणजे पानाचा पसरट भाग, देठावर पार खालपर्यंत उतरलेलं, काहींना देठच नाही.

"जिथे पातं सुरू होतं तिथे देठ संपतो," बाई म्हणाल्या.

"मग पातं कुठे सुरू होतं?"

"देठ संपतो तिथे म्हणता येणार नाही. कबूल आहे."

सरांनी एक लांबट पान उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि देठावरून वर नख फिरवत नेलं. एका जागी ते थांबले, मग थोडे मागे आले, मग पुन्हा पुढे गेले.

"इथे," ते म्हणाले.

बाईंनी पान हातात घेऊन पाहिलं. "मला नाही वाटत. अजून बोटभर वर."

"बरं," सर म्हणाले आणि त्यांनी दुसरं पान उचललं.