एकेचाळीस हातांचा लेख

पाथरीत डॉ. सोमेश्वरांना ओळखत नाही असा माणूस विरळा, पण त्यांच्या घरी येऊन बसणारं आता कुणी उरलं नव्हतं. दवाखाना बंद करून सहा वर्षं झाली होती, पत्नी त्रिवेणी गेली त्याला चार. मुलगी हैदराबादला. तिचा फोन रविवारी यायचा आणि जेवलात का, गोळ्या घेतल्या का, एवढ्यावर संपायचा. त्यामुळे एका दुपारी अनोळखी नंबर वाजला तेव्हा त्यांनी तो लगबगीनं उचलला. चुकून लागला असला तरी दोन शब्द होतील.

"सर, मी धम्मशीला बोलायलेय, पूर्ण्याची. फिजिओथेरपीत मास्टर्स करायलेय. विळ्यानं बोटाचे टेंडन तुटलेल्या एकेचाळीस पेशंटवरचा चौऱ्याण्णव सालचा लेख तुमचाच ना?"

सोमेश्वर खुर्चीतून उठून उभेच राहिले. तीस वर्षांत त्या लेखाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

टेंडनच्या, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीच्या, इजांवर मराठवाड्यातून जे संशोधन झालं, त्याचा प्रभाव ती मोजत होती. दुसऱ्या संशोधकांनी आपल्या लेखात कितीदा उल्लेख केला आणि इंटरनेटवर त्याची किती चर्चा झाली, असे दोन आकडे.

"मग माझे किती?" त्यांनी हसत विचारलं.

"उल्लेख तीन, सर. आणि ऑनलाइन..." ती घुटमळली. "शून्य."

"तीन म्हणजे लय झाले की!"

लेख इंटरनेटवर नव्हताच, म्हणून त्यांनी कपाटातून तो छापून आलेलं मासिक शोधून पानांचे फोटो पाठवले. मग कधी पान क्रमांकासाठी, कधी न दिसणाऱ्या एखाद्या ओळीसाठी तिचा फोन येऊ लागला. फोन लांबावा म्हणून सोमेश्वर आधीच दोन-चार प्रश्न कागदावर लिहून ठेवत. उल्लेख करणारे कोण? एक तुर्कस्तानातला, एक चेन्नईचा. तिसऱ्यानं त्यांचं नावच चुकवलं होतं. हे कुणाला तरी सांगावं असं त्यांना फार वाटलं. त्रिवेणी असती तर "बरं, आता हात धुवा" म्हणाली असती, पण ऐकून घेतलं असतं.

तीन आठवड्यांनी धम्मशीला म्हणाली, "यादी पूर्ण झाली, सर. आता तुमाला त्रास देणार नाही."

"त्रास कसला," ते म्हणाले, तोवर फोन ठेवला गेला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांना घरात बसवेना. ऑपरेशनच्या जुन्या वहीत सातव्या क्रमांकावर सुलाबाईचं नाव होतं. लेखात छापलेला फोटो तिच्याच हाताचा. गाव जीपनं अर्ध्या तासावर. ते निघाले.

सुलाबाई अंगणात तूर पाखडत होती. साठी उलटलेली. तिनं त्यांना ओळखलं नाही. हात दाखवा म्हटल्यावर मात्र चटकन म्हणाली, "अगं बया, तुमी शीर जोडलेले डाक्टर!"

तिनं मूठ मिटली, उघडली. चारही बोटं झकास चालत होती. सोमेश्वरांना भरून आलं. ऑपरेशननंतर सायकलच्या ट्यूबची पट्टी नखापासून मनगटापर्यंत ताणून बांधायची आणि बोट हलतं ठेवायचं, ही त्यांची युक्ती होती. लेख त्या युक्तीवरच उभा होता.

"ती रबराची पट्टी महिनाभर बांधली, म्हणून हे जमलं," ते म्हणाले.

सुलाबाई ओशाळून हसली. "आता काय लपवू? ती चौथ्याच दिशी काढली. लेकरू अंगावर पीत व्हतं, त्येच्या तोंडाला लागायची. मग मी आपली दुसऱ्या हातानं बोटं मिटवायची, उघडायची."

"पण मी विचारलं तेव्हा तुमी हो म्हणालात."

"तुमी रागीट लय व्हते ना!"

दुसऱ्या हातानं बोट हलवणं हीसुद्धा मान्य पद्धत होती, पण ती सोमेश्वरांची नव्हती. आणि बाकीच्या चाळीस जणांचं काय?

रस्त्यावर येऊन त्यांनी धम्मशीलाला फोन लावला. एक चूक आहे, दुरुस्त करायची आहे, म्हणाले.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "सर, आमी फक्त उल्लेख मोजतो. आत लिहिलेलं बरोबर का चूक, त्याला आमच्या तक्त्यात रकानाच नाही."

"मग मासिकाला पत्र लिहितो."

"ते बंद पडून बारा वर्षं झाली, सर." मग जरा थांबून ती म्हणाली, "पण तुमी लिहून ठेवा." पलीकडून तिला कुणीतरी हाक मारली.

परतीची जीप यायला तासभर होता. सोमेश्वर अंगणात परत गेले. सुलाबाईनं न विचारता चहा टाकला आणि पुन्हा सूप हातात घेतलं. कोणत्या दिवसापासून बोट हलवलं, दिवसातून किती वेळा, दुखायचं का, असं ते विचारत गेले, आणि या वेळी हळू आवाजात.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी ते सगळं लिहून काढलं. मग वहीतलं पुढचं नाव पाहिलं: आठवा पेशंट बन्सीधर, गाव चारठाणा. दोन बस बदलाव्या लागणार होत्या, आणि माणूस जिवंत आहे की नाही तेही ठाऊक नव्हतं. सोमेश्वरांनी पाण्याची बाटली भरली, दाराजवळ ठेवली आणि एकट्यापुरता भात लावला.